अपडेट करू काय?

देवगडच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, कॉलेजचे प्रवेश, फळपीक विमा, गणपतीचं रेल्वे आरक्षण, सगळं एकाच टेबलावर चालतं. काम आटपलं की लोक पैसे देतात, उठतात आणि जाता जाता मोबाइल नाहीतर लॅपटॉप पुढे सरकवतात. "गो बाय, ह्या अपडेट कर म्हणता. करू काय?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. सरसकट "करा" म्हटलं तर माणूस उद्या भलत्याच बटणावर बोट ठेवेल. सरसकट "नको" म्हटलं तर खरी, गरजेची दुरुस्तीही राहून जाईल. दोन्हीकडून नुकसान त्याचंच. दुकानात गर्दी असताना मी जे तुटक तुटक सांगते, ते इथे सावकाश लिहिते आहे.

मे महिन्याच्या शेवटी कुणकेश्वरकडचे एक काका आले. घराला लागून चार खोल्या काढून ते पर्यटकांना देतात, बुकिंगचं सगळं लॅपटॉपवर असतं. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. उघडला तर स्क्रीनभर पांढरं पान, मधोमध क्रोमचं, म्हणजे इंटरनेटची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं (ब्राउझरचं), रंगीत गोल चिन्ह आणि खाली इंग्रजी मजकूर: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, पान बघायचं तर आधी अपडेट करा. त्याखाली भलंमोठं निळं बटण. काकांनी ते दाबलं होतं. 'डाउनलोड्स'मध्ये एक झिप फाईल येऊन पडली होती, नावात 'क्रोम'ही होतं आणि 'अपडेट'ही. ती उघडायची की नाही, एवढंच विचारायला ते बसने इतक्या लांब आले होते.

झिपच्या आत काय आहे ते मी नुसतं पाहिलं, चालवलं नाही. आत एकच फाईल होती आणि तिच्या नावाचा शेवट 'डॉट जेएस' असा होता. म्हणजे संगणकाला हुकूम देणारी छोटी स्क्रिप्ट. क्रोमचं अपडेट असं झिपमध्ये बांधून कधीच येत नाही. काकांनी तिच्यावर दोनदा क्लिक केलं असतं तर तिने बाहेरून आणखी काहीबाही ओढून आणून संगणकात बसवलं असतं. फाईल नुसती उतरली होती, चालली नव्हती. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे आणि त्या फरकामुळेच काका वाचले.

ती फाईल पुसत असताना माझं लक्ष वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे क्रोमची खरी सूचना होती, अपडेट पूर्ण करण्यासाठी ब्राउझर पुन्हा सुरू करा, अशी. मी विचारलं, "काका, हे कधीपासून दिसतंय?" ते म्हणाले, "ता? ता रोजच दिसता."

खरी सूचना कित्येक दिवस कोपऱ्यात थांबली होती आणि खोटीचं त्यांनी मिनिटभरात ऐकलं. यात काकांची चूक मी म्हणणार नाही. खोटी सूचना बनवणाऱ्याने ती मुद्दामच तशी बनवलेली असते.

ओळखायची कशी?

स्क्रीनचे दोन भाग मनात वेगळे करा. सगळ्यात वर टॅबची ओळ, पत्त्याची पट्टी आणि उजवीकडे तीन टिंबं असतात. हा भाग ब्राउझरचा स्वतःचा. त्याखाली जी मोठी जागा उरते ती त्या त्या पानाच्या मालकाची, तिथे तो वाटेल ते चितारू शकतो. क्रोमचं चिन्ह, विंडोजसारखी हुबेहूब खिडकी, 'व्हायरस शोधत आहे' म्हणत सरकणारी टक्केवारी, कोपऱ्यातली फुलीसुद्धा. ती फुली त्याने काढलेली असेल, तर ती दाबणं म्हणजे त्याचंच बटण दाबणं.

एक साधी परीक्षा आहे, ती मी प्रत्येकाला करायला लावते. समोर आलेली ती छोटी खिडकी माउसने पकडून वर, पत्त्याच्या पट्टीवर ओढून बघा. खरी खिडकी असेल तर ती कुठेही जाते. पानावर चितारलेली असेल तर पानाच्या कडेशी अडते, चौकटीबाहेर तिला पाऊल टाकता येत नाही. काकांच्या लॅपटॉपवर तर ओढायलाही काही नव्हतं, आख्खं पानच सोंग होतं.

मात्र चौकटीच्या वरच्या भागात दिसणारं सगळं खरंच असतं, असं समजून निर्धास्त होऊ नका. पान पूर्ण स्क्रीन व्यापून वरची पट्टीसुद्धा खोटी दाखवू शकतं. म्हणून मी पाळते तो नियम याहून सोपा आहे: सूचना जिथून आली, तिथून अपडेट करायचं नाही. ती बंद करायची आणि आपण स्वतः मेनूत जाऊन बघायचं. क्रोममध्ये तीन टिंबं, मग 'हेल्प', मग 'अबाउट गूगल क्रोम'. ते पान उघडलं की क्रोम स्वतःच विचारपूस करतो, नवं काही असेल तर उतरवतो आणि पुन्हा सुरू करायला सांगतो. फायरफॉक्समध्येही 'हेल्प' आणि 'अबाउट फायरफॉक्स', एजमध्ये सेटिंग्जच्या आत 'अबाउट'. सूचना खरी असेल तर अपडेट तिथे सापडेलच. नसेल तर तुम्ही काहीही गमावलेलं नाही.

खोटं पान बंद होत नसेल तर 'एस्केप' दाबून पूर्ण स्क्रीनमधून बाहेर या आणि 'कंट्रोल'सोबत 'डब्ल्यू' दाबून टॅब मिटा. तेही ऐकत नसेल तर 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथून ब्राउझरच बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं तो विचारेल, तेव्हा नको म्हणा.

काका म्हणाले, मी तर वाईटसाईट काही उघडलं नव्हतं. खरंच नव्हतं. ते चादरी-उशांच्या एका पुरवठादाराचं साधं पान बघत होते. अशी पुष्कळ पानं तयार सॉफ्टवेअरवर उभी असतात आणि त्या सॉफ्टवेअरलाही जोडतुकडे असतात. पान चालवणाऱ्याने त्यांची दुरुस्ती वेळेवर केली नाही की कुणीतरी आत शिरतं आणि चार ओळी घुसवून जातं. मग येणाऱ्या काही जणांना खरं पान दिसतं आणि काहींना हे सोंग. म्हणजे अपडेट केलं नाही त्या दुकानदाराने आणि भोगायची पाळी आली काकांवर.

ही सवय लागली कुठून

तुम्ही वीस वर्षांपूर्वी इंटरनेट वापरलं असेल तर 'प्लगिन' हा शब्द डोक्यात बसला असेल. तेव्हाचा ब्राउझर अक्षरं आणि चित्रं दाखवायचा, त्यापलीकडे फारसं काही नाही. हलती चित्रं, व्हिडिओ, खेळ हवे असतील तर बाहेरच्या कंपनीचा एक प्रोग्राम त्याला जोडावा लागे. ही जोडणीची सोय १९९५ च्या सुमारास नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरने आणली आणि बाकीच्यांनी उचलली. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, पीडीएफ वाचणारं ॲक्रोबॅट हे सगळे या सोयीवर चालणारे जोडतुकडे.

त्यातली अडचण अशी होती की ब्राउझर कितीही पक्का असला तरी प्लगिन हा स्वतंत्र प्रोग्राम होता आणि संगणकात त्याला जवळजवळ मोकळं रान असे. घर भक्कम, पण परसदाराची कडी दुसऱ्याच्या हातात. फ्लॅशमध्ये भोकं सापडत राहिली, जवळजवळ दर महिन्याला दुरुस्ती येत राहिली आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक सूचना: नवी आवृत्ती आली आहे, बसवा. वर्षानुवर्षं हेच चाललं. पान दिसत नाही, सूचना येते, बटण दाबायचं, पान दिसतं. बोटाला वळण लागलं. आणि जे वळण लाखो लोकांच्या बोटाला आहे, ते चोराला आयतंच मिळतं.

मीही एकदा त्यात सापडले आहे. २०१६ चा जून, दहावीनंतरच्या प्रवेशांची गर्दी. एका मुलीला व्हिडिओ दाखवायला एक पान उघडलं, 'फ्लॅश जुना झाला आहे' असं आलं आणि मी सवयीने दाबलं. दुसऱ्या मिनिटाला ब्राउझरचं पहिलं पान बदललं. काहीही शोधलं तरी भलतीकडे जाऊ लागलं, एकावर एक जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या. ज्या संगणकावर मुलांचे दाखले आणि फोटो होते, तो मला संध्याकाळी पूर्ण पुसून नव्याने उभा करावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकान बंद आणि दारात मुलं उभी. तेव्हापासून बटण दाबण्याआधी मी वाचते.

माझं थोडक्यात भागलं. २४ ऑक्टोबर २०१७ ला 'बॅड रॅबिट' नावाचा हल्ला झाला, मुख्यतः रशिया आणि युक्रेनमध्ये. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. कीवची मेट्रो, ओडेसाचा विमानतळ, इंटरफॅक्स ही वृत्तसंस्था, सगळे अडकले. तो पसरला कसा, तर बातम्यांच्या नेहमीच्या पानांवर दिसणाऱ्या खोट्या फ्लॅश अपडेटमधून.

फ्लॅश आता अस्तित्वात नाही. व्हिडिओ आणि हलती चित्रं दाखवण्याचं काम ब्राउझर स्वतः करू लागला. त्यासाठीचं एचटीएमएल ५ हे मानक ऑक्टोबर २०१४ मध्ये पक्कं झालं आणि प्लगिनची गरज संपत गेली. क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगिनं २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने फ्लॅश सोडून बाकीची २०१७ मध्ये. फ्लॅश बनवणाऱ्या ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचे अपडेट थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमध्ये काही चालणंच बंद केलं. तेव्हा आज घरच्या संगणकावर कुठलंही पान 'फ्लॅश अपडेट करा' म्हणालं तर विचार करत बसू नका. जे उरलेलंच नाही त्याचं अपडेट कुठून येणार? सिल्व्हरलाइटचंही तेच, त्याचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला.

एक्स्टेन्शन

प्लगिन गेली आणि एक्स्टेन्शन राहिली. ही ब्राउझरच्या आतच, त्याने आखून दिलेल्या मर्यादेत चालतात. जाहिराती अडवणारी, भाषांतर करणारी, पासवर्ड सांभाळणारी. प्लगिनइतकं मोकळं रान त्यांना नाही. तरीही बसवताना एक ओळ दिसते, ती शंभरातले नव्वद जण वाचत नाहीत, असं माझ्या टेबलावरून मला दिसतं: 'सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे'. याचा अर्थ शब्दशः घ्या. तुम्ही बँकेचं पान उघडाल तेव्हा तुम्ही काय टाइप करता ते त्याला दिसेल आणि पानावर तुम्हाला काय दिसावं हेही त्याला बदलता येईल.

आमच्याकडे हे गणपतीच्या आरक्षणात दिसतं. गाडीच्या तारखेआधी ६० दिवस, सकाळी ८ वाजता खिडकी उघडते आणि कोकण रेल्वेच्या गाड्या बघता बघता भरतात. मुंबईत बसलेला मुलगा आणि गावात बसलेले आईवडील, दोन्हीकडून प्रयत्न चालू. मग कुणीतरी सांगतं, अमुक एक्स्टेन्शन टाक, ते नावं, वयं, कार्डाचा नंबर झटकन भरतं. घाई इतकी असते की पडेल ती परवानगी दिली जाते. तिकीट मिळतं किंवा मिळत नाही, गणपती विसर्जन होतात, चाकरमानी परत जातात आणि ते एक्स्टेन्शन तसंच वर्षभर बसून राहतं, कार्डाच्या नंबरासकट. माझं स्पष्ट मत आहे: पैसे भरायच्या पानावर कुणा अनोळखी माणसाचं एक्स्टेन्शन असताच कामा नये. नावांची यादी रेल्वेच्या खात्यातच आधी भरून ठेवता येते, तेवढं पुरतं.

एक्स्टेन्शनचे अपडेट मात्र आपोआप, आपल्याला न विचारता होतात. बहुतेक वेळा हे चांगलंच आहे. पण मालक बदलला तर? 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन वीस लाखांवर लोक वापरत होते, उघडे पडलेले टॅब झोपवून संगणक हलका ठेवायला. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक भाग असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. आणि २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीच्या एक्स्टेन्शनमध्ये चोरांनी स्वतःची आवृत्ती घातली. तिच्या एका कर्मचाऱ्याला क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या दुकानाकडून आल्यासारखी दिसणारी ईमेल आली होती, तिला तो फसला. वापरणाऱ्यांनी काहीच दाबलं नव्हतं, अपडेट रात्रीतून आपोआप पोचलं.

यावर आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे एक्स्टेन्शन कमी ठेवणं. तीन टिंबांखालच्या एक्स्टेन्शनच्या यादीत जा आणि सहा महिन्यांत न वापरलेलं काढून टाका. जे ठेवाल त्याच्या तपशिलात 'साइट ॲक्सेस' असतो, तिथे 'सगळीकडे' ऐवजी 'क्लिक केल्यावर' निवडा. आणि एक सूचना खरोखर वाचण्यासारखी असते: अपडेटनंतर एखाद्या एक्स्टेन्शनला पूर्वीपेक्षा जास्त परवानगी हवी असेल, तर क्रोम ते बंद करतो आणि तुम्हाला विचारतो. चित्राचा स्क्रीनशॉट काढणाऱ्याला अचानक सगळी पानं वाचायची आहेत? नाही म्हणा.

शाकारणी

आता खऱ्या अपडेटकडे येते, कारण एवढं ऐकून काका म्हणाले, मग काहीच नको करायला. मी त्यांना विचारलं, कौलं परतून झाली का? ते हसले. मेअखेर म्हणजे आमच्याकडे शाकारणी. कौलं खाली उतरवायची, फुटकी बदलायची, वासे बघायचे, कारण उन्हाळाभर न दिसलेली चीर पहिल्या पावसात दिसते आणि तेव्हा छपरावर चढता येत नाही.

ब्राउझरचं तसंच आहे, फक्त इथला पाऊस आठवड्याला पडतो. क्रोमची मोठी आवृत्ती २०२१ मध्ये साधारण चार आठवड्यांनी येऊ लागली, सुरक्षेची दुरुस्ती २०२३ पासून दर आठवड्याला. आणि यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: भोक बुजवल्याची बातमी येते, तेव्हा न बुजवलेल्यांचा धोका वाढतो. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवली की काय बदललं ते जाणकाराला दिसतं, म्हणजे भोक कुठे होतं तेही दिसतं. मग तो अजून शाकारणी न केलेली घरं शोधत फिरतो.

२०१२ मधलं 'फ्लॅशबॅक' याचं नेमकं उदाहरण आहे. ॲपलच्या मॅक संगणकांवरचा हा किडा, म्हणजे घातक प्रोग्राम, २०११ मध्ये खोटं फ्लॅश अपडेट बनून आला, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. पुढे त्याने जावामधलं एक भोक वापरलं. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीने ते भोक फेब्रुवारी २०१२ मध्ये बुजवलं होतं, पण मॅकवाल्यांपर्यंत ती दुरुस्ती पोचायला एप्रिल उजाडला. मधल्या काळात सहा लाखांच्या आसपास मॅक सापडले. खोटं अपडेट घेतल्यानेही आणि खरं उशिरा मिळाल्यानेही, एकाच किड्याने दोन्ही वाटांनी घरं फोडली.

लोक खरं अपडेट का टाळतात, तेही मला माहीत आहे. लाईट जाईल आणि अर्ध्यावर बिघडेल ही भीती. क्रोम नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये बसवतो आणि पुन्हा सुरू करताना तिच्याकडे वळतो, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी जुना ब्राउझर जागेवर असतो. उघडे टॅब परत येतात. फक्त अर्धवट भरलेला अर्ज आणि गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीतली पानं परत येत नाहीत, तेवढं आधी संपवा. दुसरी भीती डेटा पॅक संपण्याची. रेंज नसलेल्या वाडीत ती खरी आहे. पण मग बाजारात आल्यावर चांगल्या नेटवर दहा मिनिटं लॅपटॉप उघडा ठेवा, आमच्या दुकानात बरेच जण ठेवतात.

विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, जानेवारी २०२३ ची. त्या संगणकावर अपडेटचं बटण कितीही दाबलं तरी पुढचं काही येणार नाही. टंकलेखनाला तो ठेवा, बँकेला नको. विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे संपला आहे, त्याचाही विचार करावा लागेल.

जिथे खरोखर काहीतरी बसवावं लागतं

ग्रामपंचायतीचे लोक आणि ठेकेदार डिजिटल सहीचं टोकन घेऊन येतात, पेनड्राइव्हसारखं दिसणारं. निविदा भरताना किंवा कागदावर सही करताना पान म्हणतं, आधी अमुक प्रोग्राम बसवा. हे खरं असू शकतं. पूर्वी हे काम ब्राउझरमधला जावा करायचा, तो गेल्यावर बऱ्याच ठिकाणी संगणकात एक छोटा प्रोग्राम बसवून पानाने त्याच्याशी बोलायचं, अशी पद्धत आली. अशा वेळी त्या खात्याचा पत्ता मी स्वतः टाइप करून पान उघडते, गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीतून जात नाही. फाईल उतरली की तिच्यावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. तिथे कंपनीचं नाव दिसलं पाहिजे आणि ते अपेक्षित नाव असलं पाहिजे. तो भागच नसेल तर मी थांबते आणि त्या खात्याला फोन करते. ठेकेदार घाई करतात, तरीही थांबते.

आता एक नवा प्रकार आहे आणि त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. खूण केली की सांगतं: विंडोजचं बटण आणि 'आर' दाबा, मग 'कंट्रोल' आणि 'व्ही', मग 'एंटर'. बघायला निरुपद्रवी. प्रत्यक्षात खूण करताच त्या पानाने एक हुकूम तुमच्या नकळत कॉपी करून ठेवलेला असतो आणि या तीन पायऱ्यांनी तुम्ही स्वतःच्या हाताने तो संगणकाला देता. फाईल उतरत नाही, त्यामुळे ब्राउझरही टोकत नाही. कुठलीही खरी तपासणी, कुठलंही खरं अपडेट, तुम्हाला विंडोज आणि 'आर' दाबायला सांगत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना आजच सांगा.

उजव्या खालच्या कोपऱ्यात सारख्या 'व्हायरस सापडला' अशा सूचना येत असतील तर बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कधीतरी एखाद्या पानाला सूचना पाठवायला 'अलाउ' म्हटलेलं असतं. सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', तिथून अनोळखी नावं काढा, बंद होतात. मोबाइलवर तर नियम अगदीच सोपा: ब्राउझरचं अपडेट प्ले स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा पानावरून उतरलेली 'एपीके', म्हणजे ॲप बसवणारी, फाईल कधीच नाही.

दाबलं गेलंच तर

काका वेळेत आले. तांबळडेगकडच्या एका बचत गटाच्या ताई मात्र फाईल चालवून बसल्या होत्या. कोकम, काजू आणि पिठांचे त्यांचे हिशेब त्या लॅपटॉपवर, गटाचं बँक खातंही त्यावरच. फोन आला तेव्हा मी आधी वायफाय बंद करायला सांगितलं. आत शिरलेलं जे असेल त्याला बाहेर बोलता येऊ नये म्हणून. मग लॅपटॉपला हात न लावता दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायचे, आणि त्यातही आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे तिथेच येतात. नंतर बँक.

नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. एकदा आत आलेल्या माणसाला दर वेळी नाव न विचारता सोडावं म्हणून प्रत्येक पान ब्राउझरला एक चिठ्ठी देतं, तिला कुकी म्हणतात. असे किडे ती चिठ्ठीच उचलून नेतात आणि मग त्यांना ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. म्हणून प्रत्येक खात्यात 'सगळ्या उपकरणांतून बाहेर पडा' हे शोधून दाबायचं, म्हणजे जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला प्रत्येक पासवर्ड चोरीला गेला असं धरून चालायचं.

बँकेला त्यांनी त्याच दुपारी कळवलं. पैसे गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावायचा होता, तोही ताबडतोब, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधीच ती रोखता येण्याची शक्यता असते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी लागते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पानावरही करता येते.

लॅपटॉप त्या दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या. विंडोज डिफेंडरची, म्हणजे विंडोजमधल्याच व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामची, 'ऑफलाइन' तपासणी लावली, ती संगणक पुन्हा सुरू होताना, बाकी काही जागं व्हायच्या आधी चालते. दोन गोष्टी सापडल्या. त्या काढल्या, पण माझं मन मानेना, म्हणून हिशेबाच्या फाईली तेवढ्या बाजूला काढून, तपासून, विंडोज पुन्हा नव्याने टाकलं. गटाच्या खात्यातले पैसे जागेवर होते. नवा पासवर्ड सूनबाईंच्या मोबाइलवरून टाकला होता, तो त्यांनी लॅपटॉपवर पहिल्यांदा वापरला तो चौथ्या दिवशी, माझ्याच टेबलावर बसून, तीन टिंबांतलं 'अबाउट' आधी उघडून पाहिल्यावर.